दर मार्चला गॅस

'गॅस कमी झाला' असं कोणी म्हटलं की अजूनही माझं डोकं फिरतं. स्वयंपाकाचा गॅस संपतो, ते मी समजू शकते. मी बोलतेय ते अकोल्याच्या घरातल्या एसीच्या गॅसबद्दल. तो दर मार्चला कमी व्हायचा, दर मार्चला भरला जायचा, आणि दर मार्चला मी अमरावतीहून एसटीने उकडत अकोल्याला जाऊन त्याचे पैसे मोजायचे. मी शाळेत विज्ञान शिकवते. बंद नळीत फिरणारा वायू फिरून फिरून झिजत नाही, एवढं मला कळतं. आणि तरी माझ्याच बापाच्या खोलीत उभा राहून एक माणूस मला गंभीर चेहऱ्याने सांगायचा की ताई, गॅस कमी झाला.

एसी बाबांसाठी होता. बाबा अकोटच्या जिनिंगमध्ये फिटर होते. तीस-बत्तीस वर्षं कापसाच्या धुरळ्यात मशिनी खोलल्या आणि जोडल्या, त्यात छाती गेली. निवृत्तीनंतर त्यांनी अकोल्यात मोर्णा नदीच्या पलीकडे चार खोल्यांचं घर बांधलं. आई त्याच घरात गेली. मग बाबांवरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली, आणि दुसऱ्याच उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या हवेने त्यांना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, यापुढे कूलर बंद. अकोल्यात कूलरशिवाय मे महिना काढायचा म्हणजे काय, हे अकोल्याबाहेरच्या माणसाला सांगून कळणार नाही.

मी म्हटलं, अमरावतीला माझ्याकडे चला. बाबांनी मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा ताट बाजूला सारलं. शेवटी मी, बंगळूरला असलेला भाऊ आणि बाबा अशा तिघांत एक ठरलं. दिवसरात्र राहायला एक मावशी ठेवायच्या, बाबांच्या खोलीत एसी बसवायचा, आणि जोवर उन्हाळ्यात ती खोली गार राहते तोवर बाबांनी आपल्या घरात राहायचं. ज्या उन्हाळ्यात ती गार राहणार नाही, त्या उन्हाळ्यात अमरावती. बाबांनी हे उजव्या हाताने माझ्या हातावर टाळी देऊन मान्य केलं. म्हणजे भिंतीवरच्या त्या पांढऱ्या डब्यावर बाबांचं घर अवलंबून होतं.

भावाने सेल पाहून सगळ्यात स्वस्त डबा मागवला आणि आपलं कर्तव्य पार पडलं असं समजून तो फोनवर उरला.

सर्व्हिसिंगला जो कारागीर यायचा, त्याचं दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी होतं. मुसलमान, चाळिशीचा, शांत बोलणारा. त्याचे वडील आमच्या घरच्या कूलरच्या वाळ्याच्या ताट्या भरायचे. तेव्हापासूनची ओळख. तो आला की आधी बाबांच्या खाटेवर बसायचा. दोघं मशिनींबद्दल बोलायचे, कोणत्या बेअरिंगचा कसा आवाज येतो वगैरे. मावशी चहा ठेवायच्या. अर्धा तास यातच जायचा आणि माझ्या परतीच्या गाडीची वेळ व्हायची. मला तेव्हापासूनच राग यायचा. कामाला आलास तर काम कर.

पहिल्या वर्षी त्याने बाहेरचा डबा धुवायला मशीन जोडलं आणि माझ्याकडे पाणी मागितलं. अंगणात बोरची नळी होती, ती मी दाखवली. तो म्हणाला, बोरचं नको, नळाचं असेल तर दोन बकेटा द्या.

आता हे समजून घ्यायला हवं. अकोल्याच्या आमच्या भागात बोरला खारं पाणी लागतं. साबणाला फेस येत नाही, त्यात डाळ शिजत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. नळ यायचा पाच-सहा दिवसांनी. तो आला की घरातले ड्रम, हंडे, पातेली, तांबेसुद्धा भरून ठेवायचे. गोडं पाणी प्यायचं आणि खारं वापरायचं, हे आम्हाला अकोटला असल्यापासून, बोलायला यायच्या आधी कळत होतं. मी लहानपणी एकदा गोड्या पाण्याने पाय धुतले म्हणून आईने मला सपकन पाठीत घातली होती. आणि हा माणूस ते पाणी मशिनीला आंघोळ घालायला मागत होता. मी म्हटलं, इथे माणसांना प्यायला पुरत नाही. बाबा खाटेवरून म्हणाले, दे न बाई दोन बकेटा. मी त्यांना म्हटलं, तुम्ही मधे पडू नका. कारागिराने बोरची नळी उचलली.

त्या वर्षी सर्व्हिसिंगचे सहाशे घेतले. घरी येऊन अर्धा तास पाण्याचा फवारा मारायचे सहाशे. मी ते बाबांच्या देखत मोजले आणि बाबांच्या देखतच म्हटलं की शाळेतल्या शिपायाला एवढे दिवसाला मिळत नाहीत. बाबांनी किती झाले विचारलं होतं, म्हणून सांगितलं.

दुसऱ्या वर्षी गॅस. अडीच हजार. तो म्हणाला की लीक आहे, बाहेरच्या डब्यातली गॅस फिरण्याची कॉइल ॲल्युमिनियमची आहे आणि खराब होऊन राहिली आहे, आज ना उद्या बदलावी लागेल. बदलायला नऊ-दहा हजार. मी मनात म्हटलं, आला मुद्द्यावर. आधी सहाशे, मग अडीच हजार, मग दहा हजार. मी त्याला गॅस भरायला सांगितला आणि कॉइलचा विषय पुन्हा काढायचा नाही असंही सांगितलं.

त्या रात्री भावाशी फोनवर भांडले. त्याने लगेच एका कंपनीचा वर्षाचा करार घेऊन टाकला. आता चिंता नाही, सगळं त्यात आलं, असं त्याने मला कळवलं. सगळं त्यात आलं नव्हतं. मी तो कागद चष्मा लावून वाचला. गॅस त्यात नव्हता, कॉइल नव्हती, प्लास्टिकचे भाग नव्हते, रिमोट नव्हता. वर्षातून तीनदा येऊन फवारा मारणं तेवढं होतं. फोन केला तर एक मुलगी गोड हिंदीत माझा अमूल्य वेळ दिल्याबद्दल आभार मानायची आणि पुढचे तेरा दिवस कोणी फिरकायचं नाही. शेवटी कंपनीचा माणूस आला, त्याने अंगणात उभं राहून बाहेरच्या डब्याकडे टॉर्च मारला आणि म्हणाला, कॉइल गेली, बदला. मग माझी खात्रीच पटली. सगळे एकमेकांना सामील होते. मी त्याला सांगितलं की मी विज्ञानाची शिक्षिका आहे. तो हो म्हणाला, सही घेतली आणि गेला.

आता मी खर्चच कमी करायचा ठरवला. मोबाईलवर एका गृहस्थांनी दाखवलं होतं की बाहेरच्या डब्यावर धूळ बसली की मशीन जास्त वीज खातं, गॅसवर ताण येतो, आणि हे सगळं घरच्या घरी नळीने धुता येतं. मला ते अगदी पटलं. आमच्याकडे दर होळीला कूलर खाली उतरवून अंगणात नळीखाली धुवायची पद्धतच आहे. त्यात काय एवढं. मी मावशींना सांगितलं की दर रविवारी दुपारी डबा तापला की बोरची नळी लावून तो चांगला धुवून काढायचा. मावशींनी एकही रविवार चुकवला नाही. मी फोनवर विचारायचे, डबा धुतला का, आणि मग विचारायचे, बाबा जेवले का. या क्रमाने विचारायचे. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तिसऱ्या मार्चला पुन्हा गॅस, आणि चौथ्या मार्चला, म्हणजे यंदाच्या, गॅस पूर्ण संपलेला.

मी त्या दिवशी शाळेची रजा टाकून गेले होते. एसटी मूर्तिजापूरला तासभर बंद पडून होती. घरी पोचले तेव्हा कारागीर नेहमीप्रमाणे बाबांच्या खाटेवर बसलेला, हातात चहा, दोघंही कशावर तरी हसत होते. मला पाहून तो उठला. म्हणाला, ताई, यंदा गॅस भरून फायदा नाही, भरला तरी महिनाभरात निघून जाईल, आता कॉइल टाकाच.

माझा तोल गेला. मी त्याला आजवर तुम्ही म्हणत आले होते. त्या दिवशी सरळ तूवर आले.

"गॅस तूच काढतं आणि तूच भरतं. म्हातारा माणूस पडला आहे, पाहाले कोणी नाही, म्हणून चाललं तुह्य."

अमरावतीत मी अशी बोलत नाही. अकोल्यात राग आला की माझ्या तोंडात अकोलाच येतं. शेजारची बाई भिंतीवरून डोकावली, तरी मी थांबले नाही. या मशिनीने आम्हाला धुतलं, चार वर्षांत मशिनीच्या किमतीएवढा पैसा या एका खोलीत गेला, आम्ही काय खाण खणतो का, असं सगळं बोलले. बाबांच्या उशाशी उभी राहून बोलले.

त्याने कप खाली ठेवला. पाने पिशवीत भरले. चेहरा लाल झाला होता, पण आवाज चढवला नाही.

"काकाकडे पाहून येत होतो मी, ताई. आता तुमी दुसरा पाहा."

त्याने आल्याचे पैसेही घेतले नाहीत. बाबांनी त्याच्याकडे हात केला होता, तो हात दोन्ही हातांत धरून तो गेला. बाबा त्या दिवशी माझ्याशी बोलले नाहीत. मी म्हटलं, रागवा, पण मी तुमच्याच भल्यासाठी बोलले. मी निघताना एवढंच विचारलं की पंखा चालू ठेवू का. त्यांनी मान हलवली.

एप्रिलच्या शेवटी खोली भट्टी झाली. मी अकोल्यातल्या सात कारागिरांना फोन केले. सगळ्यांचा सीझन. कोणी म्हणाला आठ दिवसांनी, कोणी म्हणाला चौकातून निघालोच, आणि तो चौक कुठे होता कोण जाणे, तो पोचलाच नाही. एकाने कोणत्या गल्लीत विचारलं आणि गल्ली ऐकून म्हणाला, तिथे तर आमचा माणूस आहे, त्याला बोलवा. मी फोन ठेवून दिला. मी त्याला बोलावणार नव्हते. माझं काय चुकलं होतं?

मावशींनी ओल्या चादरी टांगल्या. चौथ्या दिवशी त्यांचा फोन आला की काका पाणी घेत नाहीत, अंग तापलंय आणि तुमच्या आईला हाका मारून राहिले. मी गाडी करून निघाले. बाबांना उचलताना त्यांनी उजव्या हाताने खाटेची कड धरून ठेवली. बोटं एकेक करून सोडवावी लागली. ड्रायव्हरनेच ती सोडवली, माझ्याने झालं नाही. बडनेऱ्यापर्यंत ते विचारत होते, परत कधी. मी सांगत होते, एसी झाला की.

अमरावतीला दोन दिवस दवाखाना आणि मग माझं घर. पंधरा दिवस ते रोज सकाळी विचारायचे, झाला का एसी. मग एक दिवसाआड. मग विचारेनासे झाले. मला हायसं वाटलं, हेही खरं सांगते.

जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी मी अमरावतीचा एक कारागीर गाडीत घालून अकोल्याला नेला. म्हटलं, हा तरी अकोल्याच्या टोळीतला नाही. त्याने बाहेरच्या डब्याचं झाकण काढलं, कॉइलवर बोट ठेवलं आणि बोट आत गेलं. पत्र्या चुरा होऊन खाली पडल्या. सगळीकडे पांढरा थर होता, बादलीच्या कडेला बसतो तसाच. तो माझ्याकडे वळून म्हणाला, मॅडम, हा कोणत्या पाण्याने धुतला? मी बोटावर तो पांढरा चुरा घेतला आणि जिभेला लावला. खारट.

मी आठवीला गंजणं शिकवते. तीन परीक्षानळ्या, तीन खिळे, एकीत मिठाचं पाणी. कोणता खिळा आधी जातो ते पोरं टाळ्या वाजवून सांगतात. आणि दर रविवारी मी फोनवरून हुकूम देऊन माझ्या बापाच्या एसीवर खारं पाणी मारून घेत होते. चार वर्षांत दोन माणसांनी मला कॉइल, कॉइल म्हणून सांगितलं. पहिल्या वर्षी दोन बकेटा गोडं पाणी मागणाऱ्याला मी हाकललं. गॅस कोणी चोरत नव्हतं. मी त्याला भोकं पाडून देत होते. मला इतका राग आला की रडूही येईना. आणि तो राग काढायला समोर कोणी नव्हतं. अमरावतीचा कारागीर बिचारा स्क्रू गोळा करत होता.

गल्लीच्या तोंडाशी दुकान उघडं होतं. मी गेले. त्याने स्टूल पुढे केलं. मी सांगितलं, रविवारचंही सांगितलं. ते त्याला माहीत नव्हतं. त्याने डोक्याला हात लावला. मी म्हटलं, माझं चुकलं, मी बोलायला नको होतं. तो म्हणाला, जाऊ द्या, आणि मग विचारलं, काका कसे आहेत. दोन दिवसांत त्याने कॉइल आणून बसवली, पंपाने हवा काढून गॅस भरला, आणि धुण्यासाठी स्वतःच्या दुकानातला पिण्याच्या पाण्याचा जार घेऊन आला. खोली दहा मिनिटांत गार झाली. मी रिकाम्या खाटेशेजारी उभी राहून ती गार हवा घेतली. मला वाटलं, आता सगळं नीट झालं. बाबांना आणायचं तेवढं राहिलं.

त्याच संध्याकाळी अमरावतीला येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. खारं पाणी, कॉइल, माफी, काही लपवलं नाही. त्यांना हसू येईल असं वाटलं होतं. जिनिंगमध्ये नवीन माणसाने मशीन बिघडवली की ते असेच हसायचे. मी म्हटलं, खोली गार आहे, रविवारी गाडी सांगते, चला घरी.

बाबा पंख्याकडे पाहत होते. म्हणाले, "कॉइलले किती लागले?"

मी म्हटलं, ते जाऊ द्या.

"राहू दे बाई. घर देऊन टाका किरायानं. माह्यापायी लय पैसा लागते तुमचा."

मी हादरले. म्हटलं, असं कोण म्हणालं तुम्हाला? तेव्हा त्यांनी सांगितलं की गेली दोन वर्षं मावशी दुपारी झोपल्या की ते रिमोटने एसी बंद करायचे आणि त्यांच्या उठायच्या आधी चालू करायचे. तेवढीच बचत. कपाळाला घाम असला तर ते चादरीला पुसून घ्यायचे. एप्रिलमध्ये खोली तापली तेव्हाही त्यांनी पहिले दोन दिवस मावशींना मला फोन करू दिला नव्हता.

"बाबा, मी तुमच्यावर कधी नाही चिडली. मी त्या मशिनीवर चिडो. त्या माणसावर चिडो. तुमच्यावर नाही."

त्यांनी उजवा हात उचलला आणि माझ्या हातावर ठेवला. समजूत घालत होते माझी.

"मले मालूम आहे न," ते म्हणाले. "पन तवा खोलीत त मीच राहो."

मग त्यांनी भिंतीकडे तोंड केलं आणि मला पंखा एकने कमी करायला सांगितलं.